अंघोळ सापाला, साफसफाई पेटीची

सर्पोद्यान चिंचवडच्या संभाजीनगरातलं असो की कात्रजचं, एखादा साप तासन्‌तास पाण्यात वेटोळं घालून बसलेला दिसला की आपण म्हणतो, "उकडतंय बिचाऱ्याला!" असेलही तसं. किंवा कात टाकायची वेळ आली असेल. पण जाणकार माणूस आधी पाण्याच्या तळाशी बघतो. तिथं खसखशीएवढे काळे ठिपके दिसले, की समजायचं, सापाला माइट झालेत.

माइट हे गोचिडीचे नातेवाईक. खवल्यांखाली, डोळ्यांभोवती, हनुवटीखालच्या खाचेत दडून ते रक्त पितात. फार झाले तर साप खाणं सोडतो, अशक्त होतो. पाण्यात बसल्यावर बरेच माइट बुडतात खरे, पण श्वासासाठी डोकं वर ठेवावंच लागतं ना! उरलेले तिथं गोळा होतात.

सापाला कोमट पाण्यानं अंघोळ घालणं त्यामानानं सोपं. खरी कटकट पेटीची! कारण मादी अंडी सापावर घालत नाही, घालते पेटीच्या फटीत; तीही ६० ते ८०. मग आतला पालापाचोळा, लाकडं सगळं काढून टाकायचं, पेटी कढत पाण्यानं घासायची आणि नुसता पांढरा कागद अंथरायचा. त्यावर ठिपके लगेच दिसतात. कागद रोज बदलायचा. अंड्यातून निघालेला माइट दोन-तीन आठवड्यांत स्वतः अंडी घालायला तयार होतो, म्हणून एकदा साफ करून भागत नाही. महिनाभर तरी पिच्छा पुरवावा लागतो.

औषध पशुवैद्यानंच द्यायचं. घरातला झुरळांचा फवारा मारला, तर माइटबरोबर सापही जायचा. आयव्हरमेक्टिन नावाचं औषध काही सापांना बेतानं देतात, पण तेच कासवाच्या जिवावर बेततं!

आता हळूच विचारतो. चाकणकडे कारखान्यांच्या मागं शेतं आहेत, उंदरांमागे धामण येते. तुमच्यापैकी कुणी ती पकडून खोक्यात तर नाही ना ठेवली? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. शिवाय रानातला साप जागा बदलतो, माइटची अंडी मागे राहतात. खोक्यात तो त्या अंड्यांवरच झोपतो. ठेवली असेल, तर खोकं उघडू नका. आजच आईबाबांना सांगा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करा.