जिन्याखालची मोटारसायकल

मृगाची पहिली सर कोसळली की पुण्यातील लहान गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत दरवर्षी एक मूक स्थलांतर घडून येते. उन्हाळाभर कुंपणाच्या भिंतीशी उभ्या असलेल्या दुचाकी एकामागून एक आत सरकू लागतात. प्रथम छज्जाखाली, मग प्रवेशाच्या पायरीशी आणि अखेरीस जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या, तिरप्या छताच्या जागेत, जिथे बहुधा विजेच्या मीटरांची पेटीही असते. कोणी ठराव केलेला नसतो, कोणाची हरकतही नसते. पाऊस लागू नये, चोरी होऊ नये आणि पदरचे पैसे पडू नयेत, या तिन्ही अटी पुऱ्या करणारी दुसरी जागा आवारात दिसत नाही, एवढेच त्याचे कारण.

फुकट मिळालेल्या जागेची किंमत कोणी ना कोणी देतच असतो. ती किती जबर असू शकते याचा दाखला मुंबईत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी मिळाला. गोरेगावच्या आझादनगर भागात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली बांधलेल्या सात मजली इमारतीला पहाटेच्या सुमारास तळाशी आग लागली. तेथे उभी असलेली वाहने आणि साठवून ठेवलेल्या कापडी चिंध्या पेटल्या, धूर वर चढला आणि झोपेतून उठलेल्या माणसांना उतरायला वाट राहिली नाही. किमान सात रहिवासी मृत्यू पावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. आगीचा आरंभ कशातून झाला हा प्रश्न तपास यंत्रणेचा. सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दुचाकीत पेट्रोल असतेच, परंतु त्याशिवाय आसनाचा फोम, प्लॅस्टिकची आवरणे आणि रबरी टायर असतात, आणि त्यांचा धूर ज्वाळेपेक्षा अधिक घातक. जिना ही चार-पाच मजली इमारतीतील एकमेव वाट. आग तिच्या पायथ्याशी लागली तर तीच वाट धुराड्याचे काम करते. मोटारसायकल ठेवायला याहून वाईट जागा इमारतीत शोधून सापडणार नाही.

ही जागा लोकांनी निवडली ती मूर्खपणाने नव्हे. १९६० आणि १९७० च्या दशकांत या शहरात ज्या इमारती उठल्या त्या सायकलींचा हिशेब धरून. सायकल खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेता येई. वाड्यात तर ती चौकात भिंतीला टेकवली की झाले. बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली खरी, परंतु परवाना पद्धतीच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याचा नंबर लागला त्याची स्कूटर साऱ्या इमारतीत एकटी आणि तिचा मान जावयासारखा. ती जिन्याखाली ठेवली तरी कोणाला खुपत नसे. पुढे १९८५ पासून शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर परवान्याचे जोखड गेले, हप्त्याने वाहन घेणे सोपे झाले. इमारत मात्र तीच राहिली, तिचे आवारही तेवढेच राहिले. २०१८ मध्ये पुणे शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि तिने लोकसंख्येच्या अंदाजालाही मागे टाकले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी होत्या. नोंदवहीत भंगारात गेलेली वाहनेही राहतात हे मान्य करूनही या आकड्याचा अर्थ बदलत नाही. पुरवठ्याची टंचाई जाऊन तिच्या जागी जागेची टंचाई आली.

टंचाई आली की वाटपाचा प्रश्न येतो, आणि येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्याजोगे आहे. इमारतीच्या खांबांमधील जागा किंवा उघडी जागा ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नाही, ती सदनिकाधारकांच्या सामाईक मालकीचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही वाहनजागेचे वाटप संस्थेने करावे, वाहने जागांहून जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात, अशी तरतूद आहे. स्कूटर अथवा मोटारसायकल असलेल्या सभासदाने आवारात वाहन ठेवण्यासाठी समितीची परवानगी घ्यावी आणि सर्वसाधारण सभेने ठरविलेले शुल्क द्यावे, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे दुचाकीला नियमाने जागा आहे. व्यवहारात मात्र आखलेले पट्टे मोटारींचे, आणि दुचाकींनी उरल्यासुरल्या कोपऱ्यांत स्वतःची सोय लावायची.

एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर पुरते. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी उभ्या राहतात. समितीने मोटारीचे आणि दुचाकीचे शुल्क कितीही न्याय्य ठरविले असे तिला वाटो, ते चौरस मीटरने भागून पाहिले म्हणजे खरे काय ते कळते. पुष्कळ घरांत मोटार आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर निघते, तर दुचाकी हे रोजच्या भाकरीचे साधन असते: कारकुनाचे, शिक्षकाचे, रात्री अकरा वाजता जेवणाचे डबे पोहोचवून परतणाऱ्या मुलाचे. तरीही सर्वात सुरक्षित जागा सर्वात कमी हलणाऱ्या वाहनाला मिळते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वाईट वाटपाचे याहून सुबक उदाहरण देता येणार नाही.

मग दुचाकी ठेवावी कोठे? उत्तर साधे आहे आणि म्हणूनच बहुधा नावडते: उघड्यावर, कुंपणाच्या भिंतीशी, जिना आणि मीटरपेटी यांपासून शक्य तितकी दूर. मोटारसायकल ही पावसात चालण्यासाठी बनविलेली वस्तू आहे. ती पावसात उभी राहिल्याने मरत नाही. साखळी गंजते, तिला महिन्यातून दोनदा तेल लागते. प्लॅस्टिकचे घट्ट आवरण मात्र हिताचे नसते. आतली वाफ अडकते आणि उघड्यावर जेवढा गंज चढला नसता तेवढा झाकल्याने चढतो. हवा खेळणारे जाड कापडी कव्हर घ्यावे आणि सायलेन्सर निवल्याखेरीज ते घालू नये. पावसाने मऊ झालेल्या मातीत साइड स्टँड रुततो. त्याखाली फरशीचा तुकडा ठेवणे हा सर्वात स्वस्त विमा. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. त्यामुळे आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवणे पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचे झाले आहे.

पावसापेक्षा चोराची भीती खरी. तिला उत्तर छप्पर नव्हे. काँक्रीटमध्ये पक्का बसविलेला लोखंडी कडा, त्याला साखळदंड आणि रात्रभर जळणारा एक दिवा यांचा खर्च आवारातील सर्व दुचाकींत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. विम्याबद्दल बहुतेकांच्या मनात जो भ्रम आहे तोही येथे दूर केला पाहिजे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा त्रयस्थाच्या नुकसानीपुरता असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःची गाडी चोरीला गेली किंवा जळाली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठीचा ऐच्छिक विमा अनेक मालक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून देतात.

छपराबाबत सबुरी हवी. इमारतीभोवतीची सामासिक जागा अग्निशमन बंब फिरावा म्हणून मोकळी ठेवलेली असते. तेथे महापालिकेला न विचारता पत्रे ठोकणे म्हणजे एक धोका जिन्याखालून काढून दुसऱ्या बाजूला आणून ठेवणे. परवानगीने, फाटकाची आणि बंबाची वाट सोडून, एका कोपऱ्यात हलके छत घालता येते. विजेच्या स्कूटरींची संख्या वाढत चालल्याने हा विषय आता आणखी पुढे ढकलता येणार नाही. सिकंदराबादेत १२ सप्टेंबर २०२२ रोजी विजेच्या स्कूटरींच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यांवर लॉज होते आणि तेथील आठ जण प्राणास मुकले. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. परंतु वरच्या मजल्यावरून सोडलेली लोंबती वायर आणि जिन्याखालचे चार्जिंग यांवर दिल्लीहून देखरेख होणार नाही. चार्जिंगचा वेगळा, मीटर लावलेला बिंदू उघड्या जागेत देणे हे संस्थेचेच काम.

हे सारे सर्वसाधारण सभेच्या अधिकारातले आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी असे कायद्याचे बंधन असल्याने बहुतेक संस्था ती त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी उरकतात. तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो, दुचाकी हळूहळू पुन्हा भिंतीकडे सरकू लागलेल्या असतात, आणि विषयपत्रिकेवरील वाहनजागेचा मुद्दा पुढील वर्षासाठी राखून ठेवण्यात येतो. विशेष सभा एप्रिलमध्येही बोलावता येते.