‘ढ’ कोण : विद्यार्थी की व्यवस्था?

वर्णमालेतील एका निरपराध अक्षराची मराठी शाळांनी शिवी केली. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणारा, तोंडी उत्तर अचूक देणारा, पण तेच वहीत उतरवू न शकणारा विद्यार्थी ‘ढ’ ठरतो आणि मागच्या बाकावर ढकलला जातो. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धिमांद्य नव्हे, हे विज्ञानाने केव्हाच स्पष्ट केले आहे. अनेक शाळांच्या दप्तरी मात्र त्याची नोंदच नाही.

शासन कायद्याकडे बोट दाखवील. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या मुलांना स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते दिले. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर हेरणे, त्यानुसार अध्यापनाची तजवीज करणे आणि दर पाच वर्षांनी शालेय मुलांचे सर्वेक्षण करणे, ही कर्तव्ये या कायद्याने शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली. पण हेरायचे कोणी? दोन-तीन वर्ग एकट्याने सांभाळून निवडणुकीची कामेही उरकणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने?

साधने नाहीत, ही सबबही टिकणारी नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी सिद्ध केली; तीत मराठीचाही समावेश आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची आणली. स्वभाषेतील चाचणीचे मोल मोठे आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर. ‘र’ कधी रफार होऊन डोक्यावर चढतो, तर कधी पायाशी येतो. केवळ इंग्रजी चाचणीवर विसंबणाऱ्यांना या अडचणी कशा उमगणार?

आज सारी धावपळ होते ती दहावीच्या तोंडावर, प्रमाणपत्रासाठी. वाढीव वेळ आणि लेखनिक या सवलती रास्तच आहेत. पण सवलतीने वाचन येत नाही. शिवाय शहरातील सुशिक्षित पालक मोठ्या रुग्णालयाच्या खेपा घालू शकतो. शेतमजुराने मजुरी किती दिवस बुडवायची? त्याचे मूल निमूटपणे शाळा सोडते आणि दोष नशिबाला दिला जातो.

दुसरी-तिसरीतच पडताळणी, प्रत्येक केंद्रशाळेत एक विशेष शिक्षक आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रमाणपत्राची सोय, एवढी तरी मागणी पालकांनी व शिक्षक संघटनांनी लावून धरली पाहिजे. मातृभाषेतील शिक्षणाचा गौरव व्यासपीठावरून करणाऱ्यांनी त्या भाषेतील अक्षरांशी एकाकी झुंजणाऱ्या मुलाचा हात आधी धरावा. तोवर ‘ढ’ हे विशेषण त्या मुलापेक्षा व्यवस्थेलाच अधिक शोभते.