लग्न उरकेपर्यंत

आमच्या आत्याच्या हाताला छातीतली गाठ लागली ती माघात. तिने तोंड उघडले ते ज्येष्ठात. मधे धाकट्याचे लग्न होते. गाठ दुखत नव्हती, अंगात ताप नव्हता, मग भरल्या मांडवात कशाला हा विषय, असा तिचा हिशेब. आणि सांगितले तेही पोटच्या मुलीला नाही, तर गोकाकच्या थोरल्या सुनेला, कानडीतून. "एदियाग गंट ऐती." मराठीत जे जिभेवर येईना ते कानडीत सोपे गेले असावे! सुनेने दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेले. तोवर रोग काखेपर्यंत पोचला होता.

भेटायला येणारे एकच सांगत, "पूर्वी नव्हता हो हा रोग. हल्ली फार झालाय, आणि झाला की संपलंच." मी अर्थशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण या बोलण्यात दोन निरनिराळे आलेख एकमेकांत मिसळलेत, एवढे मला कळते. रोग किती जणींना होतो हा एक, आणि त्याने किती जणी दगावतात हा दुसरा.

अमेरिकेत १९८९ नंतर दुसरा आलेख उतरू लागला. २०२२ पर्यंत स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर तिथे सुमारे ४४ टक्क्यांनी खाली आला. अलीकडे तिथे रोग होण्याचे प्रमाण मात्र हळूहळू वाढतेच आहे. हे श्रेय लवकर तपासणीचे की औषधांचे, यावर तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी २००५ साली सात वेगवेगळ्या पद्धतींनी हिशेब मांडला. तपासणीचा वाटा कुणाला २८ टक्के दिसला, कुणाला ६५. उरलेला टॅमॉक्सिफेन आणि केमोथेरपीसारख्या उपचारांचा. म्हणजे एकट्या यंत्राने किंवा एकट्या गोळीने हे झालेले नाही. आणि सगळ्यांना सारखे मिळाले असेही नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्यांच्यातला मृत्युदर सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आहे. त्यात रोगाच्या प्रकाराचा भाग आहे, तसाच उशिरा आणि अपुऱ्या उपचारांचाही.

आपल्याकडे २०२२ साली अंदाजे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ९८ हजार दगावल्या. ढोबळमानाने दोघींमागे एक. अमेरिकेत हेच प्रमाण सहा-सात जणींमागे एक असे पडते. रोग तोच, पण आपण पोचतो उशिरा.

मग गावोगाव मॅमोग्राफीची यंत्रे कुठून आणायची? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली दुसरी वाट धरली. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या, पुढे नुसती देखरेख. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवे. नाहीतर आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सोयीचा आकडा तेवढा उचलायची खोड असते.

केंद्र सरकारने २०१६ साली तिशीपुढच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ठरवले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, तर अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या हजारात नऊ! उरलेल्यांत कुणाकडे लग्न होते, कुणाकडे जत्रा, आणि पुष्कळशा जणींना कुणी विचारलेच नव्हते.

आत्याची शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आता रोजची एक गोळी चालू आहे. केस पुन्हा आलेत, कुरळे आलेत याचे तिला भारी कौतुक. परवा गेले तर ती फोनवर गोकाकच्या विहीणबाईंशी बोलत होती. विहीणबाईंच्या छातीत महिन्याभरापासून काहीतरी लागते म्हणे. पण घरात नातवाचे जावळ आहे, ऊसतोड आहे. आत्याने सगळे मुकाट्याने ऐकून घेतले आणि विचारले, "अदेल्ला इरली. यावाग होगतीरी?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. आत्याने सुनेला हाक मारून कॅलेंडर मागवले.