वस्ती पाहायला येणारे

रमजान लागला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत मगरिबनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. खाणारे असतात, तसे नुसते पाहणारेही असतात. मालपुव्याच्या कढईभोवती बश्यांपेक्षा मोबाइलच जास्त. दुकानदाराला गर्दी हवीच असते. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, दिवसभराचा रोजा सोडून तरावीहला निघालेल्या माणसाला मात्र त्याच गर्दीतून वाट काढावी लागते. त्यामुळे पाहुण्यांबद्दल एकाच गल्लीत दोन मते असतात आणि दोन्ही खरी असतात.

धारावीत हा प्रश्न अधिक टोकाचा आहे. ‘रिअ‍ॅलिटी टूर्स अँड ट्रॅव्हल’ ही संस्था तिथे २००६ पासून पैसे घेऊन पर्यटकांना वस्ती दाखवते. गरिबीचे प्रदर्शन मांडले, अशी टीका झाली. ती अगदीच चुकीची नव्हती. पण संस्थेने काही नियम घालून घेतले. गट लहान ठेवायचा, फोटो काढायचे नाहीत, नफ्यातला ८० टक्के वाटा सामाजिक कामाला द्यायचा. कुंभारवाड्यातली भट्टी, चामड्याचे काम, प्लास्टिक निवडणारे हात पाहून ‘बिचारे’ म्हणायला आलेला माणूस गप्प होतो, हे मान्य. तरी एक मडकेही न घेता गट पुढे सरकला, तर कुंभाराच्या पदरात काय पडले?

परभणीत अशा सफरी नाहीत. इथे हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सगळ्या धर्मांचे लोक येतात, पण नवस फेडायला, दुकान लावायला, लेकरांना पाळण्यात बसवायला. तिथल्या गर्दीत कोणी कोणाचे प्रेक्षणीय स्थळ नसते. आता मात्र रील काढण्याचे वेड कुठल्याच गावाला चुकलेले नाही, आणि रमजानमधले जुने मोहल्ले तर कॅमेऱ्याला फार आवडतात.

दुसऱ्याच्या घरात जाण्याआधी परवानगी घ्या, सलाम करा, असे कुरआनच्या सूरह नूरमध्ये सांगितले आहे. गल्लीतले घर लहान असते, म्हणून त्याचा उंबरठा घराबाहेरही थोडा पसरलेला असतो. तेव्हा कोणती गल्ली दाखवायची, किती वाजता, फोटो चालेल की नाही आणि आलेला पैसा कुठे जाणार, हे तिथे राहणाऱ्यांनीच ठरवावे. त्यात बायकांनाही विचारावे. इफ्तारच्या आधीची पंधरा मिनिटे घरात सर्वांत धावपळीची असतात. त्या वेळी दारासमोर मोबाइल धरून उभे राहणाऱ्याबद्दल त्यांचे मत एकदा ऐकायलाच हवे.