मान आणि मानधन

आम्हा सरकारी कारकुनांच्या फायलींत दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. वेतन आणि मानधन. वेतन हा हक्क. त्याला श्रेणी असते, महागाई भत्ता असतो, आयोगही असतो. मानधन मात्र देणाऱ्याच्या मर्जीचे. आमच्या अंगणवाडी सेविकांना मिळते ते मानधन! धन कमी पडले की मान पुढे करायचा, ही त्यातली गोम.

हीच गोम अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉलपटूंनी एका सामन्यात जगापुढे मांडली. तिथे डब्ल्यूएनबीए ही महिलांची व्यावसायिक लीग १९९७ पासून खेळली जाते. तिचा पहिला 'ऑल-स्टार' सामना १९९९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. निवडक खेळाडूंचा हा प्रदर्शनी सामना. लीगच्या गुणतक्त्यात त्याची नोंद नाही, निवड होणे हाच मान.

१९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिसला हा सामना होता. सरावासाठी दोन्ही संघ मैदानात उतरले ते एकसारखे काळे शर्ट घालून. शर्टावर लिहिले होते, 'आमचे जे देणे लागता, ते द्या.' नफीसा कोलियरच्या संघाने १५१-१३१ असा विजय मिळवला, तिने स्वतः ३६ गुणांचा विक्रम केला. तिला करंडक देताना प्रेक्षकांनीही 'त्यांना पैसे द्या' असा घोष सुरू केला. लीगच्या आयुक्तांना तो तिथेच उभे राहून ऐकावा लागला.

देणे कसले? केटलिन क्लार्कचे उदाहरण घ्या. २०२४ साली ती लीगमध्ये आली आणि मैदाने तुडुंब भरू लागली. पहिल्या वर्षी लीगकडून तिचा पगार होता ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या एनबीएत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या नवख्या पोराला वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक मिळतात.

यावर ठरलेले उत्तर येते: पुरुषांची लीग कमावते, बायकांची तोट्यात चालते, मग द्यायचे कुठून? प्रश्न गैर नाही. पण खेळाडू एनबीएएवढा पगार मागतच नव्हत्या. एनबीएत उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो. यांना हवा होता तो उत्पन्नाबरोबर वाढणारा वाटा. आणि तोट्याचे म्हणाल, तर २०२४ साली लीगने दूरचित्रवाणीचे ११ वर्षांचे हक्क सुमारे २२० कोटी डॉलरना दिले. २०२५ च्या जूनमध्ये तीन नव्या शहरांच्या मालकांनी संघ घेण्यासाठी प्रत्येकी २५ कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली. बुडत्या धंद्यात एवढा पैसा कोण ओततो?

अपुऱ्या पगाराची किंमत नुसत्या पैशांत मोजता येत नाही. ब्रिटनी ग्राइनर ही ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती. तरीही सुटीच्या महिन्यांत ती रशियात खेळायला जाई, कारण तिथला क्लब घरच्या पगाराच्या कितीतरी पट देई. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाचे तेल सापडले आणि ती तुरुंगात गेली. ती सुटली डिसेंबरमध्ये. मधल्या जुलैत शिकागोच्या ऑल-स्टार सामन्याच्या उत्तरार्धात सगळ्याच खेळाडू तिचे नाव आणि तिचा ४२ क्रमांक पाठीवर घेऊन खेळल्या. तिच्या गुन्ह्याबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो, पण पोटासाठी तिला तिथे जावे लागले, हे कसे विसरायचे?

इंडियानापोलिसच्या त्या शर्टांवर काही जण नाराज झाले. उत्सवात पैशांची भाषा कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला उलट वाटते. जुना करार ऑक्टोबरअखेर संपायचा होता, वाटाघाटी अडल्या होत्या आणि सारे कॅमेरे त्याच रात्री हजर होते. मग बोलायचे कधी? ज्यांच्या जिवावर उत्सव चालतो, त्यांनी तिथे हिशेब मागितला तर उत्सवाला कमीपणा येत नाही. कौतुक करणाऱ्यांनी तेवढे ऐकून घ्यावे. टाळ्यांवर घर चालत नाही, हे बायकांना कुणी शिकवावे लागत नाही.