लॅपटॉपचं नेट रास्पबेरी पायलाही द्या

कितीतरी घरांत, शाळेच्या लॅबमध्ये, हॉस्टेलच्या खोल्यांत रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड डबीत बंद पडून असतो. कुणी प्रोजेक्टसाठी घेतलेला, कुणाला बक्षीस मिळालेला, कुठे अटल टिंकरिंग लॅबच्या सामानात आलेला. मेमरी कार्ड टाकलं, चार्जर लावला, लाल दिवा लागला आणि गाडी तिथेच अडली. वेगळा मॉनिटर नाही, जादा कीबोर्ड नाही, आणि कॉलेजच्या वायफायचं लॉगिनचं पान त्या बोर्डावर उघडायचं कसं हे सांगणारं कुणी नाही. महिन्याभराने डबी कपाटात जाते. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे त्या सगळ्यांना, विशेषतः विद्यार्थ्यांना आणि शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना, माझं कळकळीचं सांगणं आहे: तो बाहेर काढा आणि त्यासाठी नवीन काही विकत घेऊ नका. एक लॅन केबल आणि तुमचा रोजचा लॅपटॉप एवढ्यावर सगळं काम होतं. लॅपटॉपला जे नेट मिळतंय तेच केबलमधून बोर्डाला द्यायचं, आणि बोर्डाचा पडदा म्हणूनही लॅपटॉपच वापरायचा.

हा काही तात्पुरता जुगाड नव्हे. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधून विक्रीला आला तो मुलांना हाताळता येईल असा स्वस्त संगणक म्हणून. त्या पहिल्या बोर्डावर वायफाय नव्हतंच, लॅनचं भोक होतं. वायफाय आलं २०१६ मध्ये, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर. केबलने जोडणं ही या बोर्डाची मूळची रीत आहे आणि आजही तीच सगळ्यात भरवशाची आहे.

वायफाय असताना केबल कशाला, असं विद्यार्थी हमखास विचारतात. घरी स्वतःचा राउटर असेल तर खरंच गरज नाही. पण हॉस्टेल, कॉलेज, शाळा इथली गोष्ट वेगळी. तिथे वायफायला जोडलं की आधी ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, त्यात नाव आणि पासवर्ड भरावा लागतो. पडदा नसलेल्या बोर्डावर ते पान दिसणार कुठे? आणि समजा तेही जमवलं, तरी अशा बऱ्याच वायफायवर जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था केलेली असते. लॅपटॉप आणि बोर्ड एकाच वायफायवर, एकाच टेबलावर, तरी एकमेकांशी बोलू शकत नाहीत. अशा वेळी मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. केबल लावली की मध्ये दुसरं कुणी उरत नाही.

आतमध्ये काय घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढे काही अडलं तर शोधायचं कुठे ते कळेल. लॅपटॉप बोर्डाला एक आयपी अ‍ॅड्रेस देतो. बोर्डाला जे हवं असेल ते लॅपटॉप स्वतःच्या नावावर बाहेर मागतो आणि उत्तर आलं की बोर्डाकडे पोचवतो. जुन्या वाड्यात भाडेकरूंचं टपाल मालकाच्या पत्त्यावर यायचं आणि मालक ज्याचं त्याला द्यायचा, तसंच. कॉलेजच्या नेटवर्कला दिसतो तो फक्त लॅपटॉप. त्यावर तुम्ही लॉगिन केलेलं असलं की बोर्डाला वेगळं लॉगिन लागत नाही. शिवाय बाहेरचं कुणी आपणहून बोर्डापर्यंत पोचू शकत नाही, हा मोठाच फायदा.

पहिली तयारी कार्डाची. रास्पबेरी पाय इमेजर हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या. कार्डावर प्रणाली लिहायच्या आधी त्यात सेटिंग्ज बदलायची सोय असते. तिथेच बोर्डाचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड भरा आणि एसएसएच चालू करा. एसएसएच म्हणजे लॅपटॉपवरून बोर्डावर कमांड द्यायचा मार्ग. ही खूण करायची राहिली तर पुढचं सगळं बरोबर करूनही बोर्ड तुम्हाला आत घेणार नाही, कारण २०१६ च्या अखेरीपासून ही सोय मुळात बंद ठेवूनच दिली जाते.

पासवर्डकडे दुर्लक्ष करू नका, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत वापरकर्ता 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' असं अजून सापडेल. एप्रिल २०२२ पासून नव्या प्रणालीत हे ठरावीक खातं काढून टाकलंय, पण जुनी कार्डं अजून फिरतायत. २०१७ मध्ये एक व्हायरस पसरला होता, तो हाच मूळ पासवर्ड न बदललेले बोर्ड शोधायचा, त्यांत शिरायचा आणि त्यांना क्रिप्टो चलन खणायच्या कामाला जुंपायचा. शाळेच्या लॅबमध्ये जुनं कार्ड असेल तर ते पुसून नव्याने लिहा.

आता लॅपटॉप. विंडोजमध्ये ही सोय १९९९ सालापासून आहे, फक्त ती जरा आत दडवलेली आहे. आधी केबल जोडा आणि बोर्ड चालू करा. मग कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथे चेंज अ‍ॅडॉप्टर सेटिंग्ज. जोडण्यांची चित्रं दिसतील. ज्यातून नेट येतंय त्यावर, म्हणजे बहुतेक वेळा वायफायवर, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि शेअरिंगच्या टॅबवर जा. पहिल्या चौकटीत खूण करा. खाली नेट कुठल्या जोडणीला द्यायचं ते विचारलं तर बोर्डाची केबल ज्यात आहे ती इथरनेटची जोडणी निवडा. इथे बरेच जण घसरतात. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनचा एखादा प्रोग्रॅम असेल तर यादीत इथरनेट नावाच्या दोन-तीन जोडण्या दिसतात. केबल काढून पुन्हा लावा. जिच्यावर लाल फुली येते आणि जाते, ती आपली. लॅन जोडणीचा पत्ता १९२.१६८.१३७.१ होणार अशी सूचना आली तर घाबरू नका, होकार द्या. तसंच व्हायला हवं. एवढं झालं की बोर्ड एकदा बंद करून चालू करा.

लिनक्सवाल्यांचं काम सोपं आहे. केबलच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवडलं की झालं, लॅपटॉपचा पत्ता सहसा १०.४२.०.१ होतो. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या शेअरिंगमध्ये इंटरनेट शेअरिंग आहे. लॅपटॉप पातळ असल्यामुळे त्याला लॅनचं भोकच नसेल, तर यूएसबीला लागणारा लॅन अ‍ॅडॉप्टर चालतो. खास क्रॉसओव्हर केबल लागते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, साधी केबल पुरते. पाय झीरोला मात्र लॅनचं भोक नाही, तो यूएसबीनेच जोडावा लागतो. त्याची रीत वेगळी आहे, सुरुवात त्याने करू नका.

मिनिटभर थांबून लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि इमेजरमध्ये दिलेल्या बोर्डाच्या नावापुढे 'डॉट लोकल' लावून एसएसएच करा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, एक ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून मुलं तिथे थांबतात. टाइप करत राहा, एंटर दाबा. बोर्डाच्या नावाची ओळ समोर आली की तुम्ही आत आहात. नवव्या इयत्तेतल्या मुलीने स्वतःच्या हाताने ही ओळ आणली की तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी शिक्षकांनी हा सगळा खटाटोप जरूर करावा.

नाही जमलं तर उगाच सगळ्या सेटिंग बदलत सुटू नका. केबलपासून सुरुवात करा आणि एकेक पाऊल पुढे जा. बोर्डाच्या लॅनच्या भोकावर दोन बारीक दिवे असतात. ते लागलेच नसतील तर केबल खराब आहे किंवा नीट बसलेली नाही, पुढे बघण्यात अर्थ नाही. दिवे आहेत पण आत जाता येत नाही, तर लॅपटॉपवर एआरपीची यादी, म्हणजे लॅपटॉपला दिसणाऱ्या उपकरणांच्या पत्त्यांची यादी, काढा आणि १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा दुसरा कुठला पत्ता दिसतो का बघा. दिसला तर नावाऐवजी थेट त्या पत्त्यावर एसएसएच करून पाहा. आत जाता आलं, पण बोर्डाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? मग बोर्डाने पत्ता मागितला होता पण लॅपटॉपने दिलाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. शेअरिंग चालू नाही किंवा चुकीच्या जोडणीला दिलंय. विंडोज पुन्हा सुरू केल्यावर असंही होतं की खूण दिसते पण नेट पुढे जात नाही. खूण काढा, ओके करा, परत लावा. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून पाहा.

यापेक्षा जास्त छळणारी एक अडचण आहे ती घड्याळाची. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळ चालू ठेवणारी सोयच नाही. पाय ५ वर आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे बोर्ड चालू झाला की आपण बंद झालो तीच वेळ अजून आहे असं त्याला वाटतं. नेट मिळालं की तो खरी वेळ विचारून घेतो. पण काही कॉलेजांच्या फायरवॉलमधून ही वेळेची विचारणा बाहेर जाऊ देत नाहीत. मग नेट चालतंय, तरी अपडेट करताना बोर्ड म्हणतो की ही फाइल अजून वैध झालेली नाही. सुरक्षित वेबसाइटसुद्धा उघडत नाहीत. बोर्डाच्या हिशेबाने ती फाइल भविष्यातली असते! अशा वेळी आधी डेट ही कमांड देऊन तारीख बघा. चुकीची असेल तर हाताने बरोबर करा, गाडी चालू लागेल. अर्धा दिवस नेटला दोष देण्यात घालवू नका.

वीज मात्र लॅपटॉपकडून घेऊ नका. नेट लॅपटॉपचं, वीज चार्जरची, ही विभागणी पाळा. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ अँपिअर. लॅपटॉपच्या साध्या यूएसबीतून अर्धा ते एक अँपिअरच्या आत मिळतो. कधी बोर्ड चालू होतोही, पण जास्त काम पडलं की मध्येच बंद पडतो आणि कार्डावरची माहिती खराब होते. ज्या गावांत अजून लोडशेडिंग आहे तिथल्या शिक्षकांनी तर कार्डाची एक प्रत लॅपटॉपवर काढूनच ठेवावी.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालत असेल तर बोर्ड जे नेट घेईल तेही तुमच्याच डेटा पॅकमधून जाणार. पहिल्या अपडेटलाच काहीशे एमबी सहज जातात. त्या दिवशी घरी कुणाची परीक्षा किंवा ऑनलाइन क्लास असेल तर अपडेट दुसऱ्या दिवशी करा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. नेट वाटायला लागलेला लॅपटॉप त्या केबलवर जो कुणी असेल त्याला पत्ते देत सुटतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला फक्त तुमचा बोर्ड असेल तर ठीक. पण शेअरिंग चालू ठेवून तीच केबल कुणी लॅबच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली, तर लॅबमधले दुसरे संगणक कॉलेजच्या राउटरऐवजी या लॅपटॉपकडून पत्ते घेऊ लागतात. एकेका संगणकाचं नेट जातं, कुणाला कारण कळत नाही, ऑनलाइन परीक्षा चालू असली तर मुलांचं नुकसान होतं. हे मुद्दाम कुणी करत नाही, म्हणून तर ते शोधायला वेळ लागतो. केबल एकदा बोर्डाला लावली की दुसरीकडे लावू नका, आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवा.

कॉलेजात हे करायच्या आधी लॅबच्या सरांना किंवा मॅडमना विचारा. बोर्डाने जे काही उतरवलं त्याची नोंद तुमच्या लॉगिनवर होणार आहे, त्यामुळे मित्राचा बोर्ड जोडताना तो त्यावर काय चालवतोय ते माहीत असू द्या. नोकरी करणाऱ्या पालकांनो, ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर हा प्रयोग नको. मुलांनी कितीही आग्रह केला तरी नको. ऑफिसच्या नेटवर्कची जबाबदारी तुमच्या एकट्याची नसते. घरचा जुना लॅपटॉप असेल तर तो काढून द्या, या कामाला तो भरपूर झाला.

काम झालं की आधी बोर्डाला कमांड देऊन बंद करा, हिरवा दिवा मिचकायचा थांबला की चार्जर काढा. मग लॅपटॉपवर शेअरिंगची खूण काढा आणि त्यानंतरच तो दुसऱ्या कुठल्या केबलला लावा.