आखातातला रुपया

महाडच्या शाखेत असताना पोलादपूरकडील एका वृद्ध खातेदाराने दहा रुपयांची लाल नोट माझ्यापुढे ठेवली. ‘‘साहेब, वडिलांनी बहारीनहून आणलेली. बदलून मिळेल का?’’ मिळणार नव्हती. जपून ठेवा, एवढेच म्हणालो.

एकेकाळी कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजची संयुक्त अरब अमिरात येथे आपलाच रुपया चालत असे. त्या रुपयांनी घेतलेले सोने चोरवाटेने भारतात येई व परकीय गंगाजळी आटे. म्हणून १९५९ साली आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा कतार-दुबईनेही पाठ फिरवली. ओमानने मात्र १९७० पर्यंत निभावले. पत गेलेल्या पेढीकडे गिऱ्हाईक किती काळ थांबते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

आता जुलै २०२३ मध्ये अमिरातीशी आणि मार्च २०२४ मध्ये इंडोनेशियाशी रिझर्व्ह बँकेने परस्परांच्या चलनात व्यवहार करण्याचे करार केले आहेत. मला त्याचा आनंद आहे. तरी दुबईच्या व्यापाऱ्याकडून रुपयात माल घेणाऱ्याने आधी विचारावे : हाती आलेल्या रुपयांचे तो काय करणार? त्याला भारतातून काही घ्यायचेच नसेल, तर पुढच्या खेपेला तो डॉलरच मागेल.